बेक्ड स्पॅगेटीचा ट्रे: खिमा, व्हाइट सॉस आणि एका प्लेटचा खरा खर्च

व्हिडिओत मी ट्रे कापून दाखवला, थर दाखवले, पण आकडे घाईत सांगितले गेले. काहींनी वहीत उतरवून घेतले असतील, पण बऱ्याच जणांचं राहून गेलं असणार. म्हणून इथे सगळं सावकाश मांडतो.

आधी मनातली शंका काढून टाकू. कुंडलमध्ये स्पॅगेटी कोण खाणार? रोज कुणीच नाही. पण वाढदिवस असतो, साखरपुड्याच्या आदल्या रात्री पाहुणे असतात, पुण्याहून सुट्टीला आलेली पोरं असतात. शेजारी किर्लोस्करवाडीची कॉलनी आहे. आपल्याच गावात वन अकादमी आहे, तिथे वनाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चालतं आणि बाहेरून माणसं येऊन राहतात. हा पदार्थ गाड्यावर प्लेट-प्लेट विकायचा नाही, ट्रेने ऑर्डर घ्यायची. आगाऊ पैसे, ठरलेली वेळ. गाड्यावर उभं राहून हा पदार्थ विकायला गेलात तर संध्याकाळी अर्धा ट्रे उरेल आणि तो फेकावा लागेल.

आता पदार्थ. तीन भाग आहेत: उकडलेली स्पॅगेटी, टोमॅटोत शिजवलेला खिमा, आणि दूध-बटर-मैद्याचा पांढरा सॉस. थर लावायचे, वर चीज, आणि भट्टीत. इटलीत अशा भाजलेल्या पास्त्याला पास्ता अल फोर्नो म्हणतात, फोर्नो म्हणजे भट्टी. ग्रीक लोकांचा पास्तित्सिओ याच जातीचा, फक्त त्यात नळीसारखा पास्ता असतो. गंमत म्हणजे ज्या बोलोन्या शहराच्या नावावर खिम्याची स्पॅगेटी जगभर विकली जाते, तिथले लोक तो सॉस स्पॅगेटीवर घालत नाहीत, रुंद पट्ट्यांच्या पास्त्यावर घालतात. त्यामुळे 'ओरिजिनल' शब्द मेनूकार्डवर टाकू नका. 'खिमा बेक' लिहा, गिऱ्हाइकाला लगेच कळतं.

10 प्लेटचं माप देतो. 8 बाय 10 इंचाचे दोन फॉइल ट्रे, एकेका ट्रेत पाच प्लेट.

स्पॅगेटी 500 ग्रॅम. पाकिटामागे 'ड्युरम गहू' लिहिलंय का ते बघा. मैद्याची स्वस्त स्पॅगेटी एकदा उकडून लगेच खायला चालते, पण आपण ती उकडणार आणि वर भाजणार, म्हणजे दोनदा शिजणार. मैद्याचा तिथे चिखल होतो. आपल्या सांगली-साताऱ्याकडची खपली गव्हाची खीर खाल्लीय ना? गहू अख्खा राहतो, दाताखाली लागतो. खपली आणि ड्युरम जवळचे नातेवाईक आहेत, दोघांत 28 गुणसूत्रं. चपातीच्या गव्हात 42. ताठपणा त्या घराण्यातच आहे.

पाच लिटर पाणी, 50 ग्रॅम मीठ. पाकिटावर 9 मिनिटं लिहिली असतील तर 6 मिनिटांत उतरवा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तरी चालेल, उरलेलं शिजणं ट्रेत होतं. निथळून दोन चमचे तेल चोळा आणि परातीत पसरून ठेवा, नाहीतर गोळा होतो.

खिमा 600 ग्रॅम. मटणवाल्याला मांडीचा भाग घेऊन मशीनमधून दोनदा काढायला सांगा. तीन कांदे, एक गाजर बारीक चिरून, पंधरा लसूण पाकळ्या, 600 ग्रॅम टोमॅटोची प्युरी. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी: कांदा परतला की लगेच खिमा आणि टोमॅटो एकदम घालतात. मग खिमा उकडल्यासारखा पांढुरका राहतो. तसं करू नका. खिमा मोठ्या आचेवर एकटा परता. आधी पाणी सुटेल, ते आटेल, मग तेल सुटून रंग तपकिरी व्हायला लागेल. चव त्या तपकिरी रंगात आहे. त्यानंतरच टोमॅटो घाला आणि मंद आचेवर 40-45 मिनिटं शिजवा. घाई असेल तर कुकरला तीन शिट्ट्या, पण नंतर झाकण काढून पाणी आटवा. शेवटी अर्धा कप दूध घातलं तर टोमॅटोचा आंबटपणा मऊ होतो. तिखट काश्मिरी मिरचीचं, जपून. कांदा-लसूण मसाला घालायचा मोह होईल. घालू नका, मग तो रस्सा होतो.

पांढरा सॉस म्हणजे पिठल्याचा चुलतभाऊ. पिठल्यात गुठळी का होते? कोरडं पीठ गरम पाण्यात पडलं की बाहेरचा थर लगेच फुगून बंद होतो आणि आत पीठ कोरडंच राहतं. इथे आपण मैद्याचा कण न कण आधी बटरमध्ये भिजवतो, म्हणून तो एकमेकाला चिकटत नाही. 60 ग्रॅम बटर, 60 ग्रॅम मैदा, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, कच्चा वास जाईपर्यंत; रंग बदलू द्यायचा नाही. मग एक लिटर थंड दूध थोडं थोडं घालत फेटत राहा. दूध फुल क्रीम घ्या. आपल्याच पलूस तालुक्यात भिलवडीला 1939 पासून चितळेंची डेअरी आहे, या पट्ट्यात दुधाची अडचण नाही. एक उकळी, मीठ, मिरपूड आणि किसलेलं जायफळ. श्रीखंडात घालतो तेच. सॉस डावाच्या पाठीवर चिकटला पाहिजे, पण ताकापेक्षा थोडाच दाट. घरी खायला जेवढा दाट करता त्यापेक्षा पातळ.

हे 'पातळ' मी नुकसान करून शिकलो. माझी पहिली मोठी ऑर्डर 40 प्लेटची होती. सॉस छान दाट केला, ट्रे छान भाजले, आणि कार्यक्रम अडीच तास लांबला. स्पॅगेटी भाजून झाल्यावरही सॉस पीतच राहते. वाढताना ती विटेसारखी निघाली. लोक शिष्टाचाराने खात होते, ते चेहरे अजून आठवतात. तेव्हापासून गिऱ्हाइकाला विचारतो, जेवण नक्की किती वाजता वाढणार? आणि ट्रे कच्चा तयार ठेवून त्या वेळेच्या एक तास आधी भट्टीत घालतो.

थर असे: तळाला थोडा पांढरा सॉस, अर्धी स्पॅगेटी, सगळा खिमा, उरलेली स्पॅगेटी, वर उरलेला पांढरा सॉस, आणि 150 ग्रॅम चीज. 180 अंशांवर 25 ते 30 मिनिटं. बाहेर काढल्यावर 15 मिनिटं हात लावायचा नाही. गरम कापलात तर थर वाहतात.

ओव्हन नाही म्हणून थांबू नका. गावातल्या बेकरीत सकाळचे पाव निघाल्यावर भट्टी तासन्‌तास गरम असते. बेकरीवाल्याशी ट्रेमागे दर ठरवा. फक्त आधी एक ट्रे स्वतःच्या खर्चाने भाजून बघा, कारण प्रत्येक भट्टीचा कोपरा वेगळा असतो.

आता पैसे. हे उदाहरणाचे भाव आहेत, तुमच्या बाजारातले टाका. खिमा 480, स्पॅगेटी 100, दूध 66, बटर 35, मैदा 3, चीज 90, टोमॅटो 18, कांदा-लसूण-गाजर-तेल-मसाला 45. बेरीज 837. म्हणजे प्लेटला 84 रुपये. त्या 40 प्लेटच्या ऑर्डरला मी इथेच थांबलो होतो आणि 110 रुपये दर लावला. प्लेटला 26 रुपये सुटतात म्हणून खूश!

पुढे बघा. दोन ट्रे झाकणासकट 40, गॅस आणि भट्टी 40, झाले 917. तुमचे तीन तास, तासाला 80 रुपये धरले तरी 240. झाले 1157. सांडणं, करपणं, चव बघणं यासाठी 5 टक्के. साधारण 1215. प्लेटला 121 रुपये 50 पैसे. 110 ने विकताना मी प्रत्येक प्लेटवर साडेअकरा रुपये खिशातून देत होतो, 40 प्लेटचे 460 रुपये. बीबीए करून हे केलं! स्वतःची मजुरी न धरणं ही चूक कॉलेज सुधारत नाही, वही सुधारते.

माझा दर आता मटणाला 180. दहा प्लेटमागे 585 रुपये राहतात आणि मजुरी वेगळी निघते. चिकन खिमा 320 किलोने घेतला तर 600 ग्रॅमचे 192, एकूण खर्च 912 च्या आसपास, दर 140, उरतात 488. सुरुवात चिकनने करा. बिघडला तर कमी दुखतं.

कॅलेंडर जवळ ठेवा. आपल्याकडे मटणाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवारी, गुरुवारी, एकादशीला ऑर्डर नसते, श्रावणात महिनाभर नसते. गटारीच्या आठवड्यात मात्र हात पुरत नाहीत. त्यामुळे बंद काळात भाजी-पनीरचा ट्रे लागतोच. आणि इथे नीट ऐका. कुंडल जैन तीर्थक्षेत्र आहे, झरी पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबून लोक येतात. शाकाहारी ट्रे विकायचा असेल तर भांडी, सुरी, फळी, चाळणी वेगळी. धुऊन घेतो म्हणून चालत नाही. पाकिटावर हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण, तेही स्पष्ट. हे जमत नसेल तर शाकाहारी ऑर्डर सरळ नाकारा. जैन गिऱ्हाइकासाठी कांदा-लसूण-गाजर नाही हे तर आलंच.

मांस आणि दूध एकाच ट्रेत आहे, म्हणून शेवटचं. 5 ते 60 अंशांच्या मधे हा ट्रे दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. आदल्या रात्री करायचं असेल तर खिमा आणि सॉस उथळ भांड्यात पसरून लवकर थंड करा आणि फ्रीजमध्ये टाका. खोल पातेलं मध्यभागी पहाटेपर्यंत कोमट राहतं. फ्रीजमधून काढलेला ट्रे भाजताना मधोमध 75 अंश झालेत का ते काटा घुसवून बघा आणि वेळ 15 मिनिटं जास्त धरा. एफएसएसएआयची नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर होते, तिचा क्रमांक बिलावर छापा. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ, आणि वाढायची वेळ बिलावरच लिहून गिऱ्हाइकाची सही.