सक्रियण ऊर्जा

रासायनिक विक्रिया घडून येण्यासाठी विक्रियाकारक रेणूंना जी किमान जादा ऊर्जा लाभावी लागते, तीस सक्रियण ऊर्जा म्हणतात. अम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे विघटन तापमानाबरोबर झपाट्याने का वाढते, याचे स्पष्टीकरण करताना स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे आऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांनी १८८९ मध्ये ही कल्पना मांडली. रेणूंच्या टकरी सतत होत असतात. परंतु पुरेशी ऊर्जा असलेल्या टकरींतच जुने बंध तुटून नवे जुळतात. तापमान वाढले की अशा टकरींचे प्रमाण वाढते. सक्रियण ऊर्जा दर मोलला ५० किलोजूल असल्यास तापमान २५° से. वरून ३५° से. केल्याने विक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो.

लाकूड हवेतील ऑक्सिजनाच्या सतत संपर्कात असूनही आपोआप पेटत नाही, ते या ऊर्जेच्या अडसरामुळेच. आगकाडीची ज्योत तो ओलांडण्यापुरती उष्णता पुरविते. पुढे ज्वलनातून मुक्त होणारी उष्णताच विक्रिया चालू ठेवते. शरीरातील शर्करा व स्निग्ध पदार्थही ज्वलनशील आहेत. ते टिकून राहतात ते याच अडसरामुळे. आणि ३७° से. इतक्या सौम्य तापमानास त्यांचे ऑक्सिडीकरण होते, ते एंझाइमांमुळे. एंझाइमे व अन्य उत्प्रेरक विक्रियेस कमी सक्रियण ऊर्जेचा निराळा मार्ग उपलब्ध करून देतात; विक्रियेत मुक्त होणारी एकूण ऊर्जा मात्र त्यांमुळे बदलत नाही.