तरंगणारे अंडे काय सांगते?

मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्या घरात एक अडचण हमखास येते. खुराड्यात कितीही सोय केली तरी एखादी कोंबडी कडब्याच्या गंजीत किंवा कुंपणाच्या आडोशाला जाऊन अंडी घालते. आठ-दहा दिवसांनी तो साठा सापडतो. त्यातले आजचे अंडे कोणते आणि पहिल्या दिवसाचे कोणते, हे नुसते पाहून कळत नाही. आमची आजी अशी अंडी पाण्याच्या पातेल्यात सोडी. तळाशी आडवे पडले ते ताजे, उभे राहिले ते जुने, तरंगले ते नासके! पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. तिसरीबद्दल मात्र थोडे बोलले पाहिजे.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. बाहेर आलेले अंडे थंड होते, आतला द्रव आकुंचन पावतो आणि रुंद टोकाशी दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवा शिरते. कवच अखंड दिसले तरी त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते व तिची जागा हवा घेते. कवच काही आकसत नाही. म्हणजे आकारमान तेच, वस्तुमान मात्र कमी. समजा, एक गावठी अंडे ४० ग्रॅम वजनाचे व ३७ घनसेंटिमीटर आकारमानाचे आहे. त्याची घनता १.०८ आली. त्यातले तीन ग्रॅमहून अधिक पाणी उडाले की घनता १ च्या खाली जाते आणि अंडे तरंगते. हवा रुंद टोकाशी असल्यामुळे ते टोक त्याआधीच वर उचलले जाते.

तेव्हा पाण्याला अंड्याची घनता कळते, नासणे कळत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात लवकर तरंगणारे अंडे कोकणातल्या पावसाळ्यात कितीतरी उशिरा तरंगेल. उलट, तडा जाऊन जंतू शिरलेले कालचे अंडे खुशाल बुडेल. म्हणून बुडालेले अंडेही वेगळ्या वाटीत फोडून पाहावे व पुरते शिजवूनच खावे. तरंगणारे अंडे नासलेले असेलच असे नाही. पण त्याचे वय ठाऊक नसेल तर आजीचेच ऐकावे.

खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी मात्र पाण्यात घालू नयेत. कोमट अंडे गार पाण्यात पडले की आतला द्रव व हवा आकसते आणि छिद्रांतून पाणी, पाण्याबरोबर जंतूही, आत ओढले जातात. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थरही जातो. अशी अंडी अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर धरावीत. हवेची पोकळी किती मोठी ते स्पष्ट दिसते. उबवणीच्या २१ दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ टक्क्यांनी घटते, आणि ते घटावेच लागते. कवच फोडण्याआधी पिल्लू पहिला श्वास घेते तो याच पोकळीतल्या हवेचा.

शाळेच्या तराजूवर हे तपासता येईल. एकाच दिवसाची दोन अंडी घ्या. एकाला खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा, दुसरे तसेच ठेवा. दोन आठवडे रोज ठरल्या वेळी तोला व दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणती रेषा अधिक उतरेल, ते आधी लिहून ठेवा. प्रयोगानंतर ती अंडी खाऊ नका.