पुरुषी विशेषाधिकार : उतरंडीची आतली पायरी

जातिव्यवस्थेचे वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'श्रेणीबद्ध विषमता' या शब्दांत केले. या रचनेत बहुतेकांच्या डोक्यावर कोणीतरी असतो आणि पायाखालीही कोणीतरी असतो. म्हणूनच ती टिकते. आपल्यावरचे ओझे प्रत्येकास जाणवते, आपण दुसऱ्यावर ठेवलेले ओझे मात्र सहसा जाणवत नाही. हा विचार आम्ही वर्गात जातीच्या संदर्भात नेहमी शिकवतो. तोच घराच्या उंबरठ्याच्या आत नेला, तर स्त्री-पुरुष विषमतेचा प्रश्न स्पष्ट दिसू लागतो. आमच्या सोलापूरच्या श्रमजीवनाच्या आधारे या प्रश्नाची मांडणी करण्याचा येथे प्रयत्न आहे.

विशेषाधिकार म्हणजे काय?

या चर्चेत पहिला आक्षेप ठरलेला असतो. हमाली करणाऱ्या, गटारात उतरणाऱ्या, यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणाऱ्या पुरुषाला कसला आला विशेषाधिकार? आक्षेप प्रामाणिक आहे व त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. विशेषाधिकार म्हणजे श्रीमंती नव्हे, सुखही नव्हे. आपल्याच परिस्थितीतील दुसऱ्या माणसावर पडणारे ओझे आपल्यावर न पडणे, म्हणजे विशेषाधिकार. त्याच वस्तीत, त्याच जातीत आणि त्याच दारिद्र्यात राहणारी स्त्री दिवसभराची मजुरी करून घरी येते तेव्हा तिची दुसरी पाळी सुरू होते. पुरुषाची पाळी संपलेली असते.

याला मोजमापाचा आधार आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केलेल्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनमोली कामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे 81 टक्के आढळले, तर पुरुषांचे सुमारे 26 टक्के. जे हे काम करत होते, त्यांतील स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि पुरुष 97 मिनिटे. जवळजवळ पाच तासांचे हे श्रम कोणत्याही हजेरीपटावर नोंदवले जात नाहीत.

गिरणी आणि विडी

सोलापूरची ओळख गिरणगाव म्हणून झाली, ती 1877 मध्ये सुरू झालेल्या 'जुन्या गिरणी'पासून. कापड गिरण्यांत स्त्रिया होत्या. परंतु त्या प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. अधिक मजुरीचे साचेखाते पुरुषांचे राहिले. येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक बोलके साम्य दिसते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांनाही विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ होईल असे कारण दिले जाई. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी या अन्यायाकडे लक्ष वेधले. अस्पृश्याला विटाळाच्या नावाखाली वगळले आणि स्त्रीला 'हे बायकांचे काम नव्हे' या समजुतीखाली. कारणे निराळी, परिणाम एकच : चांगल्या मजुरीचे दार बंद. 'कौशल्य' हा शब्द नेहमीच निष्पक्ष नसतो, हे यावरून ध्यानी यावे. आजही यंत्रमागावर बहुधा पुरुष असतो आणि कांड्या भरण्याचे, चादरी-टॉवेल शिवण्याचे काम स्त्रियांकडे असते.

विडी उद्योगात चित्र उलटे दिसते, पण अर्थ तोच आहे. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो कामगार बहुतांश स्त्रियाच आहेत. पान आणि तंबाखू घरी आणायचा, पाने भिजवून कापायची, विड्या वळायच्या आणि नग मोजून परत द्यायच्या. मजुरी दर हजार विड्यांमागे. खराब ठरलेल्या विड्यांचा तोटा वळणारीच्या माथी. हे काम घरी होते, म्हणून ते 'फावल्या वेळचे' समजले जाते. प्रत्यक्षात अनेक कुटुंबांची चूल त्यावरच पेटते. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तीही संघटित लढ्यातून. कमावत्या स्त्रीच्या हक्काचे घर असू शकते, हे तिने सिद्ध केले.

बाबासाहेबांची भूमिका

हा प्रश्न उपरा आहे, चळवळीत फूट पाडणारा आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास पुन्हा वाचावा. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ठामपणे मांडले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कोळसा खाणींच्या संदर्भात त्यांनी समान कामाला समान वेतन, मग कामगार स्त्री असो वा पुरुष, या तत्त्वाचा पुरस्कार केला. या विषयावरचा देशाचा स्वतंत्र कायदा त्यानंतर तीन दशकांनी, 1976 मध्ये झाला.

20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथेच सांगितले. त्या परिषदेतील स्त्रियांनी घटस्फोटाच्या हक्काची आणि बहुपत्नीत्वाच्या बंदीची मागणी केली. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे येथील कामगार स्त्रियांसाठी रजा आणि निवृत्तिवेतनही मागितले. आपल्या आज्या-पणज्या केवळ भाषण ऐकण्यास जमल्या नव्हत्या. त्या ठराव मांडत होत्या.

संपत्ती आणि सत्ता

27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली उपेक्षा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते आणि त्या बिलाच्या गाभ्यात मुलीचा वारसाहक्क होता. 1956 च्या वारसा कायद्याने त्याचा काही भाग प्रत्यक्षात आला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरीही वडिलांच्या पश्चात बहिणींना तलाठी कार्यालयात किंवा दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्या घरांतूनही चालू आहे. 'माहेर तुटेल' या भीतीने ती सही करते. भावाला असे काही तुटण्याची भीती नसते; विशेषाधिकार म्हणतात तो हाच. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो आपण एका मुद्रांक कागदावर सोडवून घेतो.

सार्वजनिक जीवनातही वाटचाल संथ आहे. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज सोलापुरातून लोकसभेवर गेले. येथून स्त्री खासदार दिल्लीत पोहोचण्यास 2024 साल उजाडावे लागले. त्या निवडणुकीत 543 जागांवर 74 स्त्रिया निवडून आल्या. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. तरी सही बाईंची आणि कारभार 'सरपंचपतीं'चा, हे दृश्य नवे नाही. अशा वेळी 'बायकांना जमत नाही, मग आरक्षण कशाला?' असे कोणी म्हणाले, तर हेच वाक्य आपल्या समाजाविषयी किती वेळा ऐकले, ते आठवावे. पात्रता संधीनंतर येते, संधीपूर्वी नव्हे.

धम्माची कसोटी

कोसलराजा पसेनदी कन्या झाली म्हणून खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलाहूनही श्रेष्ठ ठरू शकते, असे भगवान बुद्धांनी त्यास सांगितले. थेरीगाथेतील सोमा थेरीला मार 'दोन बोटांची बुद्धी' म्हणून हिणवतो. भात शिजला की नाही हे दोन बोटांनी पाहण्यापलीकडे स्त्रीला काय कळणार, असा त्याचा रोख असतो. चित्त एकाग्र असेल तर स्त्रीत्वाची आडकाठी कसली, असा तिचा प्रतिप्रश्न आहे. अडीच हजार वर्षांनंतर माराचा तो आवाज आपल्या बैठकांतून ऐकू येऊ नये.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांसमोर, विशेषतः माजी विद्यार्थ्यांसमोर, आम्ही चार गोष्टी ठेवतो. घरकामाची वाटणी मुलगा-मुलगी न पाहता करावी. वसतिगृहात स्वतःचे ताट धुणाऱ्या मुलाने ती सवय घरी गेल्यावर सोडू नये. बहिणीकडून हक्कसोडपत्र मागू नये. विहार समिती, जयंती मंडळ, पतसंस्था यांत स्त्रियांना स्वागतगीत आणि भोजन व्यवस्था यांपुरते न ठेवता अध्यक्षपद व हिशेबाची वही त्यांच्या हाती द्यावी. आणि पालक सभेस केवळ आईने यावे, निर्णय मात्र वडिलांनी घ्यावा, ही प्रथा थांबवावी.

यांपैकी एकाही गोष्टीला शासनाच्या अनुदानाची गरज नाही. उतरंडीची वरची पायरी मोडण्यासाठी आपल्याला इतरांशी लढावे लागले व पुढेही लढावे लागेल. ही आतली पायरी मोडणे मात्र आपल्याच हाती आहे.