गवयाच्या पाठीमागून

"इतक्या मैफली ऐकल्यात, त्यातली विसरता न येणारी कुठली?" असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी एक पाठ येते. पांढऱ्या झब्ब्यातली, घामाने मधोमध चिकटलेली, समेच्या जरा आधी उजव्या खांद्यातून उचलली जाणारी. आमच्या बुवांची. त्यांचा गाताना होणारा चेहरा श्रोत्यांनी पाहिला. मी तीस वर्षं त्यांच्यामागे तानपुऱ्यावर बसले, आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्याला गवयाचा चेहरा दिसत नाही.

मी सांगलीतल्या एका शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी मिरजेला बुवांकडे गाणं शिकायला जायची. गळा बेताचा आहे, हे बुवांनी दुसऱ्याच वर्षी सांगून टाकलं. "पण कान बरा आहे. जुळवायला शीक." तेव्हा फार लागलं होतं. आता वाटतं, त्यांनी मला सभागृहातली सगळ्यात चांगली जागा दिली, तीही फुकट.

मिरजेत तानपुऱ्याचं शिक्षण रस्त्यातच सुरू होतं. सतारमेकरांच्या गल्लीतून चाललात तर कुठे भोपळा चिरलेला असतो, कुठे तुणाच्या लाकडाचा भुसा उडत असतो. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार भावांनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घरातल्या माणसांनी, वाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायलाही सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पेढे वाटावेसे वाटले होते. वाटले नाहीत, पण वाटावेसे वाटले.

तानपुऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे जोड, आणि शेवटची पितळी, खर्जाची. पहिली मधल्या बोटाने छेडायची, बाकीच्या तिन्ही तर्जनीने. ऐकायला सोपं आहे. कठीण गोष्ट अशी की तबला चालू असताना तालात छेडायचं नाही. मान डोलवायची नाही, समेला हात जड होऊ द्यायचा नाही. समोर मोठी तिहाई येते, सगळं सभागृह 'क्या बात है' म्हणतं, आणि तुम्ही रहाटाला जुंपल्यासारख्या आपल्याच फेऱ्यात. दोन तासांनी पाय माझा आहे की भोपळ्याचा, हे कळत नसे.

घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा असतो. तो केसभर सरकवला की एका जागी तार एकदम बोलायला लागते. ही जवारी. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, त्यामुळे तार कंप पावताना त्याला घासत-सुटत राहते आणि एका सुरातून वरचे सूर, म्हणजे उपस्वर, झिरपतात. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी यावर छोटासा निबंध लिहिला. तार एखाद्या विशिष्ट बिंदूवर छेडली तर काही उपस्वर नाहीसे व्हायला हवेत, हा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. तानपुऱ्यात ते तिथेही ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं.

मला त्यातला पाचवा उपस्वर सगळ्यात प्रिय. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप गंधार निघतो. चारांपैकी एकही तार गंधाराची नसते, तरी तो असतो. पेटीच्या गंधारापेक्षा हा साधारण चौदा सेंट उतरा. शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर. वर्गातल्या मुलांना मी अपूर्णांक शिकवताना हे सांगायची. षड्जाशी या गंधाराचं नातं पाच छेद चार. मुलं बघत राहायची, बाई आज कुठे गेल्या म्हणून.

तर पहिली आठवण या गंधाराचीच. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला गाण्याची जी प्रथा आहे, ती अब्दुल करीम खाँसाहेबांशी जोडलेली. दर्ग्याच्या आवारात चिंचेचं झाड आहे, त्याखाली बैठक. मी बुवांच्या मागे पहिल्यांदाच बसलेली. आमच्याआधी गाणाऱ्यांचे तानपुरे काढून नेले, आमचे दोन ठेवले, आणि बुवा जुळवायला लागले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. लोक चहा पीत होते, लहान पोरं रडत होती. बुवांनी खुंटी पिळली, सूर केसभर हलवायचा खालचा मणी नखाने ढकलला, आणि मग एकदम दोन्ही तानपुरे एकच वाद्य झाले. गंधार त्यांच्यातून उठून वर फांद्यांत गेल्यासारखा वाटला. बुवांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता हे बिघडवू नको." त्या रात्री ते काय गायले, ते मला खरंच आठवत नाही.

खाँसाहेबांची शेवटची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक शिष्याला सांगितली जायची. ऑक्टोबर १९३७. मद्रासकडून पाँडिचेरीला निघालेले असताना वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमल कोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना घातला. तानपुरा जुळवून घेतला, दरबारीच्या सुरात प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्याच परिसरात दफन केलं. लोकांना या गोष्टीतला मृत्यू दिसतो. मला नेहमी प्रश्न पडायचा तो दुसराच: त्या फलाटावर, कंदिलाच्या उजेडात म्हणा किंवा अंधारात, तो तानपुरा जुळवणाऱ्याचा हात थरथरला असेल का?

माझा थरथरला होता, कोल्हापुरात. छोटं सभागृह, मे महिना, डोक्यावर दिवे. बुवांचा विलंबित ख्याल निम्म्यावर आलेला आणि माझी खर्जाची तार तुटली. टणत्कार होऊन नाही, नुसती 'फट्' करून. एक तार गेली की दांडीवरचा ताण सैल होतो आणि उरलेल्या तिन्ही तारा केसभर चढतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या रात्री बोटांना कळलं. माझी गुरुभगिनी डावीकडच्या तानपुऱ्यावर होती, ती छेडत राहिली. मी हात काढून घेतला, डाव्या हाताने एकेक मणी सरकवत तिच्या षड्जाला माझा षड्ज आणला. दीड-दोन आवर्तनं गेली असतील. मग तीन तारांवरच सुरू केलं. खर्जाच्या जागी तेवढा श्वास सोडायचा आणि पुन्हा पंचमाला यायचं. बुवा वळले नाहीत. नंतर आत चहा पिताना एवढंच म्हणाले, "मधे माझ्या पाठीला गार लागलं." मला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद.

या जागेचा एक फायदा सांगते. पुढचा राग कुठला, हे गवयाखालोखाल तानपुरेवाल्याला कळतं. रात्रभराच्या मैफलीत पहाटेचा सुमार झाला की बुवा मागे न बघता फक्त "मध्यम" म्हणायचे. म्हणजे पंचमाची तार उतरवून मध्यमावर आणायची, कारण येणाऱ्या रागात पंचम नाही. मालकंसातही पंचम नसतो, पण ती वेळ केव्हाच सरलेली. म्हणजे ललत! खुंटी सैल करताना समोरच्या जाणत्यांच्या कानावर तो उतरणारा सूर जायचा, आणि पेंगुळलेली माणसं शाली सावरून ताठ बसायची. गवयाने अजून तोंड उघडलेलं नसायचं. अशा तीन-चार पहाटा माझ्या वाट्याला आल्या, आणि कुणाच्याही तानेपेक्षा मला ते ताठ होणं जास्त आठवतं.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मी श्रोती म्हणूनच गेले. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव रमणबागेत रात्र रात्र चालायचा, आणि शेवटी सवाई गंधर्वांच्याच आवाजातली भैरवी ठुमरीची ध्वनिमुद्रिका वाजायची. तिथेही माझी नजर मागेच. गंगूबाई हंगल गात असताना सगळे त्या भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाजात बुडालेले, आणि मी मागे बसलेल्या त्यांच्या लेकीला, कृष्णाबाईंना ऐकत होते. आई थांबली की लेक स्वर उचलायची आणि आई पुन्हा यायच्या आत ठेवून द्यायची. तिचा आवाज तुकड्यातुकड्यानेच ऐकला मी. पण ते तुकडे अजून जागच्या जागी आहेत.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकारने सूट दिली तर बारापर्यंत. शेजाऱ्यांच्या झोपेचं मोल मला कळतं, मीही सकाळी सातची शाळा केली आहे. पण त्याबरोबर रंगमंचावरून पहाटही गेली. आता ललत ऐकायचा तर कुणीतरी मुद्दाम सकाळची बैठक ठरवावी लागते, आणि सकाळी येणारी माणसं झोप काढून, आंघोळ करून आलेली असतात. ती वेगळी माणसं.

आणि आता मागची जागाही रिकामी होत चालली आहे. तानपुऱ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक डबी, नाहीतर मोबाइल. रियाजाला उत्तम, माझ्याही घरी आहे, पोळ्या लाटताना लावते. मंचावर मात्र मला ती चालत नाही. दिव्यांनी तापून तिची तार उतरत नाही, म्हणून गवयाला तिच्याकडे कान ठेवावा लागत नाही. न उतरणाऱ्या सुरासोबत गाणारा हळूहळू मागचं ऐकणं सोडतो, असं माझं मत आहे. ते जुनाट असेल.

तुमच्याकडे एकच मागणं. मैफलीला अर्धा तास आधी या, आणि पडद्यामागे किंवा पडद्यासमोर जुळणी चालू असेल तेव्हा शेजारणीला पार्किंगचं सांगू नका.