वायुकोशीय महाभक्षी पेशी

वायुकोशीय महाभक्षी पेशी किंवा अल्व्हिओलर मॅक्रोफेज ह्या फुप्फुसातील वायुकोशांच्या आतील पृष्ठभागावर राहणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी आहेत. श्वासाबरोबर आत आलेले धूलिकण व सूक्ष्मजीव गिळून नष्ट करणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. इन्फ्लुएन्झा, कोव्हिड-१९ यांसारख्या विषाणुजन्य आजारांची तीव्रता ज्या घटकांवर अवलंबून असते, त्यांपैकी या पेशी टिकून राहणे हा एक महत्त्वाचा घटक आहे.

उगम व नेहमीचे कार्य

पेशींच्या भक्षणक्रियेचे वर्णन एली मेचनिकॉफ यांनी १८८० च्या दशकात केले. रोगप्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वायुकोशीय महाभक्षी पेशी गर्भावस्थेतील मोनोसाइट पेशींपासून तयार होतात व जन्माच्या सुमारास परिपक्व होतात. पुढे त्या फुप्फुसातच विभाजन पावून आपली संख्या राखतात. वायुकोश मिटू न देणाऱ्या सर्फॅक्टंट या पदार्थाचा जादा अंशही त्या काढून टाकतात. वायुकोश व रक्तकेशिका यांमधील पडदा अत्यंत पातळ असल्याने तेथील दाहामुळे वायूंच्या देवाणघेवाणीत अडथळा येतो. त्यामुळे एरवी दाह आटोक्यात ठेवणे हेही या पेशींचे काम असते.

विषाणुसंसर्गातील भूमिका

विषाणू वायुकोशांपर्यंत पोहोचल्यास या पेशी इंटरफेरॉन स्रवून आसपासच्या पेशींना सावध करतात आणि मृत पेशींचे अवशेष दूर करतात. या पेशी काढून टाकलेल्या उंदरांमध्ये इन्फ्लुएन्झा अधिक गंभीर ठरतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. इंटरफेरॉनचे महत्त्व माणसांतही स्पष्ट झाले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोव्हिड-१९ मुळे अत्यवस्थ झालेल्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली.

तीव्र आजार

तीव्र संसर्गात मूळ महाभक्षी पेशींची संख्या घटते आणि रक्तातून आलेल्या मोनोसाइटपासून बनलेल्या नव्या पेशी त्यांची जागा घेतात. या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक प्रथिने मोठ्या प्रमाणात स्रवतात. केशिकांतून द्रव पाझरून वायुकोश भरू लागतात व तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूह उद्भवू शकतो. म्हणजेच या टप्प्यावर हानी केवळ विषाणूमुळे होत नसून शरीराच्या अनियंत्रित प्रतिसादामुळेही होते. मूळ पेशी घटल्याने न्यूमोकॉकससारख्या जीवाणूंचा दुय्यम संसर्गही सहज होतो.

उपचारांशी संबंध

प्रतिसाद दडपणारे औषध केव्हा द्यावे, हा त्यामुळे कळीचा प्रश्न ठरतो. ब्रिटनमधील रिकव्हरी या चाचणीत कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोव्हिड रुग्णांचा २८ दिवसांतील मृत्युदर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आला. ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. स्टेरॉइडमुळे महाभक्षी पेशींची बुरशीचे बीजाणू रोखण्याची क्षमता कमी होते व रक्तातील साखर वाढते. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह भारतभर आढळलेल्या म्युकरमायकोसिसच्या रुग्णांमध्ये अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा वापर ही प्रमुख जोखमीची कारणे होती.