कॅसेटमधली गाणी जपा, उद्या औषधाला येतील

1990 ते 2000 ही दहा वर्षं कॅसेटची. वस्तीत टीव्ही दोन-चार घरांत, फोन कुणाकडेच नाही, पण टेप मात्र असायचा. कुणी मुंबईहून आणलेला टू-इन-वन, कुणी जुना घेतलेला एका स्पीकरचा. लाईट गेली की सेलवर चालायचा, सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवायचो. फीत गुंतली की कॅसेटच्या भोकात पेन घालून फिरवत बसायचं. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. ती संपली की कुणीतरी उठून पलटायचं.

आज त्या कॅसेट भंगारात गेल्या. गाणी मात्र आपल्या डोक्यात शाबूत आहेत. मग हा विषय आरोग्याच्या पानावर कशासाठी? तर पंधरा वर्षं वॉर्डात आणि नंतर धाराशिव जिल्ह्यातल्या वस्त्यांत काम करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. म्हातारपणी आठवण जाते, लकव्यानंतर बोलणं जातं, तरी तरुणपणी ऐकलेली गाणी शेवटपर्यंत टिकतात. घरच्यांना हे माहीत असेल तर त्या गाण्यांचा मोठा आधार होतो.

आमच्या घरातल्या कॅसेट

पहिली कॅसेट वंदनेची. त्रिसरण, पंचशील आणि सुत्तपठण. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आमचं गाव उमरगा तालुक्यातलं. किल्लारी, सास्तूर या भागात हजारो माणसं गेली. आमचं घर उभं राहिलं, पण भिंतींवर विश्वास राहिला नाही. कितीतरी महिने सगळी वस्ती बाहेर, पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली झोपायची. जरा भांडं वाजलं तरी लेकरं ओरडत उठायची. तेव्हा एक काका रोज रात्री ही कॅसेट हळू आवाजात लावायचे आणि सगळे सोबत म्हणायचे. पुढे नर्सिंग शिकताना त्याचं कारण कळलं. संथ पठण करताना श्वास आपोआप लांब होतो, आणि श्वास लांब झाला की छातीतली धडधड उतरते. शिवाय आपण एकटे जागे नाही, हे कानाला कळत होतं.

दुसरी शिंदे घराण्याची. प्रल्हाद शिंदे आणि त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद यांचा आवाज लागला नाही असं घर आमच्या वस्तीत नव्हतं. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी गावात वाजायची, भीमगीतं वस्तीत वाजायची, गळा एकच. पूर्वी रेकॉर्ड काढणं महाग होतं. टी-सीरीज आणि अनेक छोट्या कंपन्यांमुळे कॅसेट स्वस्त झाल्या आणि गायन पार्ट्यांतली आपली गाणी टेपवर आली. 1990 मध्ये बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं, 1991 मध्ये जन्मशताब्दी झाली. त्या सुमारास दर एप्रिलमध्ये जयंतीच्या नव्या कॅसेट यायच्या. एका घरी आली की चार घरी फिरायची. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या दिवशी आमच्या आळीत संध्याकाळपर्यंत टेप बंद झाला नाही. माझ्या वडिलांना रडताना मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं.

तिसरी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या या माणसाला मोठेपणी अक्षरओळख झाली आणि त्याने हजारो गाणी लिहिली. माझी आई शाळेत गेली नाही. बाबासाहेबांचा इतिहास तिला या गाण्यांतून पाठ झाला. मी नर्सिंगला जायचं म्हटल्यावर नातेवाईकांनी नाकं मुरडली. तेव्हा आईने दादांचंच एक गाणं म्हणून त्यांना उत्तर दिलं. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही 2004 साली गेले, एक मे महिन्यात, एक जूनमध्ये.

चौथी ‘आशिकी’ची. हसू नका! 1990 साली आलेल्या नदीम-श्रवणच्या या गाण्यांनी वस्तीतल्या सगळ्या पोरांना कुमार सानू करून टाकलं होतं. पानटपरीवर, टमटममध्ये, लग्नाच्या मांडवात तेच. माझा थोरला भाऊ ती कॅसेट उशाशी घेऊन झोपायचा.

पाचवी कोरी कॅसेट. भावाने तीवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आपल्या आज्यांनी भीमरावावर, रमाईवर किती ओव्या रचल्या! गी पॉइटवां आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. 1996 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरातही बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आमच्या कॅसेटवर मात्र पुढे कुणीतरी सिनेमाची गाणी भरली. आजीचा आवाज गेला.

गाणी का टिकतात

साधारण दहा ते तीस या वयात जे ऐकलं, ते मेंदूत सगळ्यांत घट्ट बसतं. ते वय पहिल्या-पहिल्या गोष्टींचं असतं. पहिलं प्रेम, पहिली कमाई, लग्न, पहिलं लेकरू. गाणं त्या प्रसंगाला चिकटून जातं. शिवाय गाणं मेंदूच्या एकाच कोपऱ्यात राहत नाही. शब्द, चाल, ठेका, भावना यांच्या जागा वेगवेगळ्या. एक बाजू दुखावली तरी दुसरी शिल्लक राहते.

एका वस्तीत सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. आधी चुलीवर भांडं विसरायच्या, मग लेकाचं नाव विसरल्या. दिवस मावळला की “मला माहेरी सोडा” म्हणून दार धरायच्या. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. सून शहाणी, तिने बुवाकडे न नेता आमच्याकडे आणलं. तपासण्या झाल्या, स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. मी सुनेला विचारलं, आजी तरुणपणी काय ऐकायच्या? तिने मोबाईलवर वामनदादांचं गाणं लावलं. लेकाला न ओळखणाऱ्या आजींनी ठेक्यात टाळी धरली आणि अख्खं कडवं म्हटलं. त्याने आजार बरा झाला नाही. पण त्या दिवसापासून अंघोळीच्या वेळी मारामारी थांबली. गाणं लावायचं आणि पाणी घालायचं, असा नेम बसला.

दुसरे एक रिक्षाचालक, पन्नाशीचे. लकवा मारला, उजवी बाजू आणि वाचा गेली. पाण्यासाठी, जेवणासाठी एकच शब्द निघायचा. माणूस चिडून ताट फेकायचा. मुलाने ‘आशिकी’चं गाणं लावलं आणि बाप शब्दांसकट गाऊ लागला. घरात सगळे रडले. बहुतेक माणसांत बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, चाल सांभाळायला उजवी बाजूही मदत करते. याच आधारावर चालीत शब्द म्हणायला शिकवण्याची वाचा-उपचाराची पद्धत 1970 च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. त्या भावांना वाचा-उपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. “पाणी दे” हे ते आधी चालीत म्हणायला शिकले, मग साधं बोलायला.

गाण्याची मर्यादा

गाणं आधार देतं, पण उपचाराची जागा घेत नाही. विसरभोळेपणा वाढला तर आधी डॉक्टर. थायरॉईड, बी-12 ची कमतरता, साखर, उदासपणाचा आजार यांनीही आठवण बिघडते आणि त्यावर औषध आहे. चेहरा वाकडा झाला, हात उचलेना, बोबडी वळली तर लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून मालिश-उताऱ्यात वेळ घालवू नका.

आणि मन खचलं असेल तर तेही बोला. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. त्या दुःखात चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. हजारोंना धीर देणारा तो गळा होता. धीर देणाऱ्यालाही कुणीतरी धीर द्यावा लागतो. अशा वेळी टेली-मानसच्या 14416 या नंबरवर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आवाज किती असावा

टू-इन-वनचा आवाज चार घरांपुरता. त्यात शब्द ऐकू यायचे, म्हणून पाठ झाले. आज जयंतीच्या, लग्नाच्या डीजेत शब्द कळत नाहीत, नुसती छाती हादरते. साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. 85 डेसिबल कान आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेसमोर आवाज याहून जास्त असतो. कानाच्या आतल्या ऐकण्याच्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

याचा संबंध पुन्हा आठवणीशीच आहे. मध्यम वयात ऐकू कमी येऊ लागलं आणि तसंच सोडलं, तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. म्हणजे आजचा डीजे उद्याची आठवणही खातो. म्हणून लहान लेकराला खांद्यावर घेऊन डीजेसमोर उभं राहू नका. गरोदर बाई, तान्हं मूल, हृदयविकाराचा पेशंट यांना लांब ठेवा. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली, किंवा दुसऱ्या दिवशीही दडे बसलेले असले तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक ऐकू येणं गेलं तर त्याच दिवशी जा. वस्तीतल्या आवाजाची कायद्याने ठरवलेली मर्यादा दिवसा 55 डेसिबल आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद. आपण घटना मानणारे लोक, हा नियम आपण आधी पाळू.

घरात एवढं करा

1. गाण्यांची वही करा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाखाली, ते दहा ते तीस वर्षांचे असतानाची पाच-दहा गाणी लिहा. गायक कोण, ते गाणं ऐकलं की काय आठवतं, हेही लिहा. स्वतःचीही यादी करा, आपणही म्हातारे होणार आहोत.

2. ओव्या, पाळणे, जुनी भीमगीतं घरातल्यांच्या तोंडून मोबाईलवर भरून घ्या. दोन फोनमध्ये ठेवा, म्हणजे आमच्या कोऱ्या कॅसेटसारखं होणार नाही.

3. आजारी माणसाला गाणं ऐकवायचं तर टीव्ही बंद करा, आवाज हळू ठेवा, एका वेळी दोन-तीन गाणीच लावा. अंघोळ, जेवण, संध्याकाळची बेचैनी या वेळा धरा. सोबत बसून स्वतः म्हणा.

4. चेहरा बघत राहा. एखाद्या गाण्याने जुनं दुःख वर येऊन माणूस घाबरला, तर ते बंद करा आणि वहीत त्यावर फुली मारा.

5. म्हातारं माणूस प्रतिसाद देत नसेल तर आधी कान तपासून घ्या. कितीदा नुसता मळ साचलेला असतो. काडी, पिन, गरम तेल घालू नका, दवाखान्यात काढून घ्या. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांचे कान राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासून घ्या.

या सगळ्याला खर्च एका वहीचा आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. प्रत्येकाने आपल्या तरुणपणीचं एक गाणं म्हणायचं आणि पोरींनी ते लिहून घ्यायचं. ज्या आजोबांना आज सगळं आठवतं, त्यांच्यापासून सुरुवात करा.

जय भीम.