गरोदरपणातलं वजन: ताट किती भरलं यापेक्षा ताटात काय वाढलं

वडगाव असो, कामशेत असो की लोणावळा, घरात गोड बातमी कळली की खाण्याचे सल्ले सुरू होतात. सल्ल्यांमागे माया असते, पण त्यातले काही आई आणि बाळ दोघांनाही महाग पडतात.

गैरसमज १: आता दोन जिवांचं खायचं.
वस्तुस्थिती: पहिल्या तीन महिन्यांत वजन एक-दोन किलोच वाढतं, उलट्यांमुळे थोडं घटूही शकतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी जादा लागतात. लहान भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध एवढ्यात ती गरज भागते.

गैरसमज २: कमी खाल्लं की बाळ लहान राहतं, बाळंतपण सोपं जातं.
वस्तुस्थिती: अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. वाढलेलं वजन म्हणजे नुसती चरबीही नव्हे. त्यात बाळ, वार, गर्भजल, वाढलेलं रक्त आणि गर्भाशय हे सगळं येतं.

गैरसमज ३: प्रत्येकीचं वजन सारखंच वाढायला हवं.
वस्तुस्थिती: आपल्याकडे साधारण १० ते १२ किलो वाढ योग्य धरतात. मात्र जी आधीच कृश आहे तिचं वजन जास्त वाढायला हवं आणि जी स्थूल आहे तिचं कमी. तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गैरसमज ४: पोटभर जेवलं की पोषण झालं.
वस्तुस्थिती: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकारमानाशी ठळक संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार घेणाऱ्या आयांची बाळं मात्र अधिक भरलेली होती. म्हणून नुसती इंद्रायणी भात-आमटी पुरेशी नाही. सोबत माठ, राजगिरा किंवा शेवग्याची भाजी, नाचणीची भाकरी आणि एखादं फळ हवंच. पाणी वाहणं, शेतात राबणं अशी कष्टाची कामं जास्त करणाऱ्या स्त्रियांची बाळं लहान असल्याचंही याच अभ्यासात दिसलं. लावणीच्या दिवसांत गरोदर सुनेला चिखलातून बाहेर काढा, विश्रांती द्या.

गैरसमज ५: वजन झपाट्याने वाढलं म्हणजे बाळ बाळसं धरतंय.
वस्तुस्थिती: आठवड्यात एकदम किलोभराहून जास्त वाढ, चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही वाढत्या रक्तदाबाची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रत्येक तपासणीला वजन करून घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ते लिहिलं जातंय ना, हे स्वतः पाहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. ती चुकवू नका, आणि घरातल्या कर्त्या माणसांनी सोबत जावं.